अकरा वाजताची गाडी

एसटीत पस्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. काचेच्या खिडकीमागे बसायचं, पुढ्यात नोंदवही, हाताशी माईक. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, चालक कोण, वाहक कोण, उशीर झाला तर का झाला, हे लिहायचं आणि मधून मधून माईकवर ओरडायचं. २०१८ला निवृत्त झालो तेव्हा वाटलं, रकाने आखायचं काम संपलं आपलं. ते पुन्हा हातात आलं २०२१च्या एप्रिलमध्ये, साताऱ्यात, आमच्याच घराच्या माडीवर.

१७ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी अंग मोडून आलं. मी उन्हावर ढकललं. रात्री १०१ ताप भरला. सोमवारी नाकात काडी घालून घेतली आणि मंगळवारी रात्री फोनवर रिपोर्ट आला, कोरोना. मार्चमध्ये लसीचा पहिला डोस घेतला होता, त्यामुळे जरा ऐटीत होतो. ती ऐट तिथेच उतरली.

आमच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन पाहिला, ९७. म्हणाले, धाप नाही, वर वेगळी खोली आहे, स्वतंत्र मोरी-संडास आहे, घरीच राहा. पण वहिनींना साखर आहे, तेव्हा एका ताटात जेवणं, एका खोलीत टीव्ही बघणं, सगळं बंद. त्यांच्या हिशेबात दिवस पहिल्या तापापासून मोजायचे. किमान १० दिवस आणि शेवटचे ३ दिवस ताप नको, मग पुढे ७ दिवस घरातच जपून. सतरा दिवस. त्या काळात साताऱ्यात कुणालाही विचारा, 'सतरा दिवस' हा आकडा पाठ असायचा.

रिपोर्ट यायच्या आधीच, रविवारी, मी अंथरूण घेऊन माडीवर गेलो होतो. आमचा जिना घराबाहेरून आहे, वडिलांनी भाडेकरू ठेवायचा म्हणून काढलेला. भाडेकरू कधी ठेवला नाही, पण त्या जिन्याने आमची लाज राखली. खोली बारा फूट बाय दहा. एक खिडकी अजिंक्यताऱ्याकडे, एक शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराकडे. दुसऱ्या खिडकीची दारं रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी पलीकडून लावून घेतली गेली. राग आला होता. आता नाही. त्यांच्याही घरी म्हातारी आई होती.

पहिले तीन-चार दिवस माझ्यावर नुसता माहितीचा पाऊस पडला. मेव्हण्याने सांगितलं नाकात लिंबाचे थेंब टाक. पुतण्याने कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी करून हुंगायचा व्हिडिओ पाठवला, त्याने म्हणे ऑक्सिजन वाढतो. कुणी दिवसातून सात वेळा वाफ घे म्हणालं, मी घेतलीही, आणि नाकाची आतली कातडी भाजून घेतली. एका कार्यालयातून रोज ध्वनिमुद्रित फोन यायचा. ताप असल्यास एक दाबा, खोकला असल्यास दोन दाबा. मी मनापासून एक दाबला. तिकडून बाई 'धन्यवाद' म्हणाली आणि फोन बंद. तीन दिवस मी एक दाबत होतो, कुणी आलं नाही की कुणी विचारलं नाही. माझा ताप कुठल्या वहीत गेला, देव जाणे.

माणसंही फोन करत होती, नाही असं नाही. पण प्रत्येक फोन सारखा. कसं वाटतंय? बरं वाटतंय. काळजी घ्या. हो. आणि शेवटी, पॉझिटिव्ह राहा. अहो, तेच तर झालोय. हा विनोद मी पहिल्या दिवशी चार जणांना ऐकवला. तिसऱ्या दिवशी फोन वाजला तरी उचलावासा वाटेना. खोलीत एकटा असणं वेगळं आणि लोक बोलत असताना एकटं असणं वेगळं. दुसरं जास्त खातं.

बुधवारी २१ तारखेला रामनवमी होती. खाली हिने एकटीनेच पाळणा हलवला, सुंठवड्याची वाटी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली आणि खाली जाऊन हाक मारली. टीव्हीवर नाशिकच्या रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीची बातमी यायला लागली त्याच्या थोडं आधी, बरोबर अकरा वाजता, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी नर्सिंग कॉलेजमधून बोलतेय. तुमच्या डॉक्टरांनी नंबर दिला. रोज याच वेळेला फोन करीन, चालेल?"

आवाज तरुण, बोलणं कराडकडचं. मी म्हटलं, ठीक आहे सिस्टर, तब्येत बरी आहे. मला वाटलं, झालं, ठेवेल आता. पण ती म्हणाली, "तब्येत नंतर. आधी खोली सांगा." खोलीत खिडक्या किती, उघड्या आहेत का, पाणी प्यायला काय आहे, उशा किती, ऑक्सिमीटर कोणत्या बोटाला लावता, आदल्या दिवशी तो किती वेळा लावला. मी प्रामाणिकपणे सांगितलं, मोजलं नाही, पण चाळीसेक वेळा असेल. ती हसली नाही. म्हणाली, आजपासून चार वेळा. सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. आणि धाप लागली तर मध्ये कधीही.

मग तिने मला ऑक्सिमीटर लावायला शिकवलं. तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचं काय? चिमट्यासारखं यंत्र, बोट घातलं की आकडा. तेच मला वाटत होतं. ती सांगत गेली: पाच मिनिटं शांत बसायचं. हात गार असेल तर चोळून गरम करायचा. मधलं बोट किंवा अंगठ्याशेजारचं. हात छातीच्या उंचीला, हलवायचा नाही. बोलायचं नाही. पहिला आकडा खरा मानायचा नाही, मिनिटभर थांबायचं आणि जो आकडा टिकेल तो लिहायचा.

"आता तुम्ही मला सांगा, कसं लावाल?"

मला राग आला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पोरीसारखी पोर धडा म्हणून घेतेय. तरी सांगितलं. सांगताना लक्षात आलं की पाच मिनिटं बसायचं मी गाळलं आणि हात छातीशी धरायचं तर विसरलोच. तिने चूक काढली नाही, फक्त विचारलं, "आणि त्याच्या आधी?" दुसऱ्यांदा बरोबर आलं. पुढे रोज असंच. जे शिकवलं ते मी तिला परत सांगायचं, माझ्या शब्दांत. व्हॉट्सअ‍ॅपवर ह्यातलं निम्मं मला आधीच आलेलं होतं. पण व्हॉट्सअ‍ॅप कधी विचारत नाही, 'आणि त्याच्या आधी?'

त्या दिवशी दुपारी मी नातवाची जुनी शंभर पानी वही काढली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, पाणी किती तांबे, शेरा. शेरा हा रकाना तिने सांगितला नव्हता. तो माझा. नोंदवहीला शेरा नसेल तर ती नोंदवही कसली?

दुसऱ्या दिवशी पालथं झोपणं. त्या आठवड्यात केंद्राच्या आरोग्य खात्याने ते घरच्या रुग्णांसाठी चित्रांसकट सांगितलं होतं, पण चित्रातल्या माणसाकडे पाच उशा होत्या. माझ्याकडे दोन. तिने आधी खात्री केली: हृदयाचा मोठा आजार नाही ना, पाठीच्या मणक्याचं काही नाही ना, पाय-कंबर मोडलेलं नाही ना, पायात रक्ताची गाठ वगैरे नाही ना. जेवून तास झाला का? झाला. मग म्हणाली, एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडग्यांखाली. मी जिन्यातून ओरडलो, हिने खालून दोन वाकळी गुंडाळून, सुतळीने बांधून वर फेकल्या. फोन स्पीकरवर ठेवून मी पालथा पडलो.

"पोट कशावर टेकलंय?"

"कशावरच नाही, लोंबतंय."

"मग वाकळ खाली सरकवा. आता मान कुठे आहे?"

पंधरा मिनिटं हा तमाशा चालला. शेवटी जमलं. अर्धा तास पालथं, मग उजव्या कुशीवर, मग बसून, मग डाव्या कुशीवर. एका स्थितीत अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, आणि दुखलं-खुपलं तर लगेच उठायचं. पालथा पडून खिडकीतून अजिंक्यतारा आडवा दिसतो. इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं.

तिसरी गोष्ट सहा मिनिटं चालण्याची. खोलीत सहा मिनिटं सपाट जमिनीवर चालायचं, आधीचा आणि नंतरचा आकडा बघायचा. ९३च्या खाली गेला किंवा तीनापेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. साठीच्या वरच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी पुरे, आणि दमा असेल तर ही परीक्षा करायचीच नाही. मी मात्र हट्टाने सहा मिनिटं चाललो. बारा फुटांची खोली, फेऱ्या मोजल्या. ९७वरून ९६. शेऱ्यात लिहिलं, 'गाडी वेळेत.'

हे सगळं औषधपाण्याकडचं. पण ती दुसरीही एक गोष्ट शिकवत होती आणि ती शिकवतेय हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तिसऱ्या दिवशी तिने गृहपाठ दिला: रोज एका माणसाला आपण होऊन फोन करायचा, दहा मिनिटं बोलायचं, आणि आजाराचा विषय काढायचा नाही. उद्या मला सांगायचं, कुणाशी काय बोललात. बातम्या दिवसातून दोनदा, पाव-पाव तास. कसं वाटतंय हा प्रश्न तिने कधीच विचारला नाही. काल कोण भेटलं फोनवर, हे विचारायची.

पहिल्या दिवशी मला माणूसच आठवेना. साताऱ्यातला निम्मा माणूस ओळखीचा, पण आजार सोडून बोलायचं काय? शेवटी एका जुन्या वाहकाला लावला. त्याच्याशी सातारा-स्वारगेट विनावाहक गाडी निघाली, तिच्यापायी त्याची आवडती ड्युटी कशी गेली, यावर पाऊण तास भांडलो. खंबाटकीच्या घाटात रात्री अडकलेल्या गाडीत प्रवाशांनी भाकऱ्या कशा वाटून खाल्ल्या तेही निघालं. फोन ठेवला तेव्हा घसा दुखत होता, पण कोरोनाने नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरला हे सगळं ऐकवलं. ती मध्येच म्हणाली, "विनावाहक म्हणजे तिकीट कोण देतं मग?" आणि मी तिला समजावून सांगू लागलो. मध्येच वाटलं, शिकवणारा मी आणि ऐकणारी ती, असं झालंय. बरं वाटलं, हे आत्ता लिहितोय. तेव्हा फक्त बोलत राहिलो.

शुक्रवारची रात्र मात्र विसरणार नाही. दीडच्या सुमाराला जाग आली. घसा कोरडा, छातीत धडधड. तोंड धुतलं, पाणी प्यायलो आणि अंधारातच ऑक्सिमीटर लावला. ८९.

८९ म्हणजे काय ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. ८९ म्हणजे बेड शोधा. बेड नव्हते. पोरगा हैदराबादला. खाली ही एकटी. भिंतीवर सिस्टरने लिहून लावायला सांगितलेले नंबर होते, डॉक्टर, १०८, शेजारचा रिक्षावाला. खाली पिशवीही भरून ठेवली होती, आधार कार्ड, रिपोर्ट, चार्जर, एक लुंगी. हात १०८कडे गेला. आणि मग, खरं सांगतो, तिचा आवाज नाही आठवला, माझाच आठवला, तिला धडा म्हणून दाखवतानाचा. पाच मिनिटं बसायचं. हात चोळायचा. छातीशी धरायचा. मिनिटभर थांबायचं. गार पाण्याने हात धुऊन लगेच यंत्र लावलं होतं मी. दिवा लावला, बसलो, घड्याळ बघत पाच मिनिटं काढली. ती पाच मिनिटं फार लांब होती. मग लावला. ९२, ९४, ९५, ९५, ९५. पुन्हा पंधरा मिनिटांनी ९६. वहीत दोन्ही लिहिले, ८९ही. शेरा: 'हात गार.'

सकाळी अकराला सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. ती म्हणाली, "छान केलंत, पण काका, हात गरम करूनही ९४च्या खाली राहिला असता तर माझ्या फोनची वाट बघत बसायचं नाही. छाती दाबल्यासारखी वाटली, बोलताना धाप लागली, डोकं चालेनासं झालं तरीही नाही. कुणाला फोन कराल, सांगा बघू." सांगितलं. पुन्हा धडा.

त्याच आठवड्यात तिने हिलाही वेगळा फोन लावला होता. मला हे नंतर कळलं. मास्क कसा, माझी ताटली कशी उचलायची, साबणाने किती वेळ, वापरलेले मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास वेगळे ठेवायचे, हे तर सांगितलंच. पण हिने तिला असं काही सांगितलं जे मला कधी सांगितलं नव्हतं. रात्री झोप लागत नाही, वर खोकला ऐकू आला की उठून बसते, आणि नाही ऐकू आला तरी उठून बसते. सिस्टरने मला एवढंच सांगितलं: काकूंना दुपारी तासभर आडवं व्हायला सांगा, आणि संध्याकाळी चहा दोघांनी बरोबर घ्या.

बरोबर म्हणजे कसा? जिन्यावर. ती सर्वांत खालच्या पायरीवर, मी सर्वांत वरच्या, चौदा पायऱ्या मध्ये. जिना उघडा, वारा खेळता. बोलताना दोघांना मास्क, घोट घ्यायचा तेवढाच खाली. पाच वाजता. पहिल्या दिवशी आम्ही सवयीने फोन लावून बसलो, मग तिचा आवाज आधी जिन्यातून यायचा आणि पाठोपाठ फोनमधून. दोन बायका असल्यासारखं वाटलं. फोन बंद केला. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही रोज चहाला समोरासमोर असे बसलोच नव्हतो. मी ड्युटीवर, नाहीतर पेपरात.

शनिवारपासून संध्याकाळी सहाला सिस्टर आम्हा पाच जणांना एकाच फोनवर जोडायची. वाईच्या एक शिक्षिका, एक हॉटेलवाला, एक आजी, कोरेगाव तालुक्यातला पंचविशीतला एक मुलगा आणि मी. मुलगा गावच्या जिल्हा परिषद शाळेत राहात होता, कारण घर दोन खोल्यांचं आणि माणसं नऊ. चौथीच्या वर्गात झोपायचा, भिंतीवर पाढे. आजींकडे ऑक्सिमीटर नव्हता, आशाताई दोन दिवसांतून एकदा येऊन मोजून जायची. हा सगळा प्रकार ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांच्यासाठीच आहे, हे आजींकडे बघून (म्हणजे ऐकून) रोज जाणवायचं. त्यांचा आवाज तुटक यायचा आणि निम्म्या वेळा त्या 'हॅलो, हॅलो' इतकंच म्हणत राहायच्या.

श्वासाचा व्यायाम असायचा. नाकाने आत घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, दिव्याची ज्योत हलावी पण विझू नये इतका. घ्यायला जितका वेळ त्याच्या दुप्पट सोडायला. पाच जणांचा फुंकर मारल्यासारखा आवाज फोनवर कसा येतो, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, आज आकडे काका म्हणतील, त्यांचा आवाज माईकवरचा आहे. मी सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, श्वास आत घेणारी गाडी फलाटावर लागत आहे." हॉटेलवाला इतका हसला की त्याला ढास लागली आणि सिस्टरने मला दम दिला.

कोरेगावच्या मुलाला पालथं झोपणं समजावायचं काम तिने माझ्यावर टाकलं. त्याच्याकडे उश्या नव्हत्याच. आम्ही दोघांनी मिळून शाळेतल्या सतरंज्यांची गुंडाळी बनवली, म्हणजे त्याने बनवली, मी माडीवरून हुकूम सोडले. "पोट कशावर टेकलंय?" हे मी त्याला विचारलं तेव्हा मला आतून फार गंमत वाटली. रात्री तो मला वेगळा फोन करू लागला. शाळेत भीती वाटते म्हणायचा. आजाराची नाही, वर्गात रात्री उंदीर फिरतात त्यांची.

माझी पणजी सांगायची म्हणे, प्लेगात अख्खं गाव मोकळं करून माळावर झोपड्या घालून राहिले होते. आजीकडून ऐकलेलं. १८९७चा साथरोग कायदा त्याच प्लेगात निघाला आणि तोच १२३ वर्षांनी राज्याने आमच्यावरही लावला. पण त्यांचं दूर राहणं म्हणजे सगळ्या गावाने गावापासून दूर राहणं. चुली शेजारी शेजारी, रात्री माळावर भजन. हालही भरपूर झाले असणार, आजी ते सांगायची नाही. आमच्या वाट्याला एकेक खोली आली, एकेक माणूस, एकेक ताटली. त्या संध्याकाळच्या फोनवर मला तो माळ थोडासा दिसायचा.

रविवारी २५ तारखेला सकाळी सात वाजता कळलं, आमच्या डेपोतला एक जुना चालक गेला. वर्षानुवर्षं त्याची गाडी माझ्या वहीत. वेळेचा इतका पक्का की त्याच्या गाडीवर मी घड्याळ लावायचो. अंत्ययात्रा नाही, कुणी जायचं नाही, घरच्यांनाही लांबून. मी त्या सकाळी काहीच मोजलं नाही. अकराला फोन आला, मी म्हटलं, आज आकडे नाहीत. का ते सांगितलं.

ती गप्प राहिली. फोन तुटला की काय म्हणून मी बघितलं. मग म्हणाली, "काका, आज नोंद नको. पण जेवा. आणि त्यांच्याविषयी सांगायचं असलं तर सांगा, माझ्याकडे दहा मिनिटं आहेत." मी सांगितलं. दहाची पंचवीस झाली. 'धीर धरा', 'चांगलं चांगलं आठवा', असलं एक अक्षर ती बोलली नाही. हे तिला कॉलेजात शिकवलं होतं की घरून आलं होतं, मला कळायला मार्ग नाही. संध्याकाळी मी वहीत त्या तारखेसमोर एकच ओळ लिहिली, त्याच्या गाडीची सुटायची वेळ.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला नाही. सव्वाअकरा, साडेअकरा. मी ऑक्सिमीटर लावून बसलो, काढला, पुन्हा लावला. चाराची शिस्त मोडली, पंधरा वेळा मोजलं असेल. बाराला हिने ताटली ठेवली, मी खिडकीतून खेकसलो. पावणेदोनला फोन आला, तेव्हा मी वाहतूक नियंत्रकाच्या आवाजात विचारलं, "उशीर का?" ती म्हणाली, एका पेशंटला बेड बघत होते. तिच्याकडे तेव्हा तीसेक घरं होती आणि तिची स्वतःची परीक्षा तोंडावर. मी काय बोलणार? पण हेही लिहून ठेवलं पाहिजे: रोज ठरल्या वेळी येणारा फोन माणसाला जितका उभा करतो तितकाच, तो चुकला की, खाली बसवतो. तिनेच मग तोडगा काढला. अकराला फोन आला नाही तर वाट बघायची नाही, कोरेगावला आपण लावायचा आणि त्याचे आकडे घ्यायचे. पुढे दोनदा तसं झालं आणि दोन्ही वेळा मी बिघडलो नाही.

२७ तारखेला, हनुमान जयंतीला, दहा दिवस भरले. ताप चार दिवस नव्हता. पुन्हा चाचणीची गरज नाही म्हणाले. तरी ४ मेपर्यंत मी माडीवरच राहिलो, हिच्या साखरेपायी. त्या आठवड्यात सिस्टरचे फोन एकाआड एक दिवस झाले. हेही तिने सांगून केलं, गुपचूप नाही. शेवटच्या दिवशी मी विचारलं, तुमच्यासाठी कंदी पेढे कुठे पाठवू? ती म्हणाली, नको काका, घेता येत नाहीत, काकूंना मात्र खायला देऊ नका. नाव विचारायचं राहिलं असं नाही, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मी ऐकलं नव्हतं आणि नंतर विचारायची लाज वाटली. फोनमध्ये अजून 'सिस्टर ११' असंच आहे. तो नंबर कॉलेजचा होता, जूनमध्ये बंद झाला.

पाच मे, सकाळी चौदा पायऱ्या उतरून खाली आलो. ही म्हणाली, "दाढी करा आधी." 

मेच्या शेवटच्या आठवड्यात रुग्ण फार असलेल्या १८ जिल्ह्यांत घरी राहून उपचार घेणं राज्याने बंद केलं, त्यात साताराही होता. लोक घरात नीट वेगळे राहात नाहीत आणि घरची घरं बाधित होतात, हे कारण खोटं नव्हतं. आमच्याच आळीत तीन घरांत तसं झालं. पण मला वाटतं, त्यांना राहायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं, ते एक दाबत बसले होते. कोरेगावचा मुलगा बरा होऊन घरी गेला, अजून महिन्यातून एकदा फोन करतो. आजींचा फोन लागत नाही.

ऑगस्टमध्ये, तीन महिने भरल्यावर, दुसऱ्या डोसला गेलो. टेबलाजवळ दोन सिस्टर होत्या, दोघींच्या तोंडावर मास्क. एक सुई भरता भरता म्हणाली, "काका, हात सैल सोडा." मी मान वळवून बघितलं. बोलणं कराडकडचं होतं.

"तुम्ही एप्रिलमध्ये अकरा वाजता फोन करायचात का?" मी विचारलं.

"कुणाला?" ती म्हणाली.

मागे रांग होती.